खडक दर वेळी पुसटच का येतात?

भाच्याचा मेसेज तिसऱ्यांदा तोच. "मावशी, डहाणूच्या समुद्रावर जाऊन आलो. पुन्हा खडक सॉफ्ट. ही लेन्सच गंडलेली आहे, काढून टाकू का?" सोबत बारा फोटो. फोनवर बघताना बरे दिसत होते, एक-दोन तर छानच होते. पण त्याचं दुखणं मला ओळखीचं होतं. काही वर्षांपूर्वी याच कारणासाठी मी माझी लेन्स दोनदा तपासायला टाकली होती आणि दोन्ही वेळा ती "काही दोष नाही" म्हणून परत आली. मी तपासणाऱ्यावर चिडले होते. दोष खरोखरच नव्हता.

आपल्या नाशिककरांची एक अडचण आहे. समुद्र आपल्याला रोजचा नाही. भल्या पहाटे निघायचं, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरायचा, एक सूर्यास्त आणि जमलं तर दुसऱ्या दिवशीची पहाट पदरात पाडून घ्यायची आणि परत. फोटो बिघडलेत हे घरी कॉम्प्युटरवर कळतं, तोवर समुद्र घाटाखाली राहिलेला असतो. पुढची फेरी दोन महिन्यांनी, तेव्हा चूक पुन्हा तीच.

त्याला म्हटलं, "लेन्स विकू नकोस. कार्ड घेऊन रविवारी ये, मिसळ खाऊ आणि बघू." बारा फोटोंत चार वेगवेगळी कारणं निघाली. तो सगळ्यांना एकच नाव देत होता, सॉफ्ट.

आधी पुसटपणा ओळखा

फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा आणि तीन जागा बघा: सगळ्यात जवळचा खडक, मधला एखादा खडक आणि क्षितिज. पाण्याकडे बघू नका, पाणी हलणारच.

तिन्ही जागी कडा दुहेरी दिसत असतील किंवा ओल्या खडकावरचे चमकणारे ठिपके छोट्या रेघा झाले असतील आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर कॅमेरा हललाय. जवळचा खडक गेलाय पण क्षितिज स्वच्छ आहे, किंवा उलट, तर फोकसचा घोळ. कडा जागच्या जागी आहेत, पण सगळ्यावर दुधाचा हात फिरल्यासारखं वाटतंय, विशेषतः सूर्याच्या बाजूला, तर काचेवर काहीतरी आहे. आणि खडकाचा आकार नीट आहे पण अंगावरचे खड्डे, भेगा, शिंपले सगळं मेणासारखं गुळगुळीत झालंय, तर दोष उजेडाचा आणि तुमच्या एडिटिंगचा.

भाच्याच्या बारापैकी सात फोटो हललेले होते. दोन फोकसचे, दोन काचेचे, एक मेणाचा.

"पण मावशी, ट्रायपॉड होता ना!"

होता. पण वाळूत होता.

तुम्ही पाण्याच्या काठाशी अनवाणी उभे राहिला असाल तर आठवा. लाट मागे फिरते तेव्हा तळव्याखालची वाळू सरकते आणि टाच हळूच खाली जाते. ट्रायपॉडच्या पायांचं तेच होतं. तुम्ही चार सेकंदांचं एक्स्पोजर लावून, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून, निवांत उभे असता आणि समुद्राकडचा पाय त्या चार सेकंदांत केसभर खाली उतरतो. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतं. याची खूण सोपी आहे. एकाच जागेवरून घेतलेला पहिला आणि शेवटचा फोटो एकामागोमाग पालटून बघा. क्षितिज सरकलं किंवा तिरकं झालं असेल तर पाय रुतत होते. भाच्याच्या पहिल्या आणि आठव्या फोटोत क्षितिज डोळ्यांदेखत कलत गेलं होतं. तो बिचारा प्रत्येक फोटो एडिटिंगमध्ये सरळ करत बसला होता, पण ते का कलतंय हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

उपाय म्हणजे पाय खडकावर ठेवा. खडक नसेल तर पाय वाळूत दाबून, हलवून, अजून दाबून बसवा, अगदी वीतभर आत. दोन-तीन लाटा त्यावरून जाऊ द्या, मग फ्रेम लावा. सगळ्यात खालचा बारीक पाय शक्यतो उघडूच नका. मधला दांडा वर काढू नका. उंचीसाठी तो मोह होतो, पण वारा त्यालाच आधी धरतो. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाका. फडफडणारा पट्टा म्हणजे लहानसं शिडच. वजनासाठी बॅग लटकवायची असेल तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. अधांतरी बॅग घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि तुम्ही वजन लावलं या समाधानात राहता.

शटर बोटाने दाबू नका, रिमोट नाहीतर दोन सेकंदांचा टायमर. आरशाचा डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) घ्या किंवा मिरर लॉकअप लावा, म्हणजे आरसा आधीच वर जातो आणि त्याचा धक्का बसत नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा हादरा सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद करा. नव्या कॅमेऱ्यांपैकी काहींना ट्रायपॉड आपोआप कळतो, जुन्या लेन्स मात्र नसलेला हादरा शोधत बसतात आणि स्वतःच हलतात. भाच्याची लेन्स जुनी होती. बटण चालू होतं.

आणि वेळ साधा. लाट खडकावर आपटते तेव्हा तो धक्का ट्रायपॉडपर्यंत पोचतो. लाट येऊन गेली, पाणी मागे ओढायला लागलं की दाबा. तसंही मागे फिरणाऱ्या पाण्याच्याच रेघा सुंदर येतात, अर्ध्या ते एक सेकंदात.

फोकस, आणि एफ २२ चा हट्ट

इथे थोडक्यात. काळी एनडी काच (उजेड कमी करून शटर जास्त वेळ उघडं ठेवू देणारा फिल्टर) लावल्यावर ऑटोफोकस आंधळा होतो, पुढेमागे भटकतो आणि कुठेतरी थांबतो. म्हणून काच लावण्याआधी फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका, मग काच लावा. स्क्रूची काच फिरवताना फोकस रिंग हलते, त्यामुळे लावल्यावर पुन्हा एकदा खात्री करा.

कुठे फोकस करायचा? कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स, १८ मिमी, एफ ११ (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), लहान सेन्सर: साधारण दीड मीटरवर फोकस केलात तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्वच्छ मिळतं. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, १६ मिमी आणि एफ ११ असेल तर फोकस जेमतेम ८० सेंटिमीटरवर. क्षितिजावर फोकस करून जवळचा खडकही स्वच्छ येईल अशी आशा धरणारे बरेच असतात. मीही त्यांतलीच होते.

"जास्तीत जास्त खोली हवी", म्हणजे जवळपासून लांबपर्यंत सगळंच स्वच्छ हवं, म्हणून एफ २२ लावू नका. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो जरासा मऊ पडतो, जवळचाही आणि लांबचाही. लहान सेन्सरवर एफ ११ च्या पुढे हे जाणवायला लागतं. शटर लांबवायचा असेल तर ते काम एनडीला सांगा. शटर १/१५ सेकंद असेल तर सहा स्टॉपची काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तो चार सेकंदांच्या आसपास नेते, दहा स्टॉपची मिनिटाच्या वर. खडकांसाठी मला सहाची पुरते. दहाने समुद्राचं धुकं होतं आणि ते धुकं मला आताशा कंटाळवाणं वाटतं.

एक गोष्ट जाता जाता. मिनिटभराच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ "बिझी" दाखवत राहिला तर तो हँग झालेला नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे, म्हणजे कॅमेरा फोटोतले दाणे काढतोय. काहीजण घाबरून बॅटरी काढतात आणि फोटो घालवून बसतात.

काचेवरची साय

फवारणीच्या दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कडेने मोटरसायकल चालवली असेल तर चष्म्यावर धरणारी पांढुरकी साय ओळखीची असेल. खारा तुषार लेन्सवर तसाच बसतो. थेंब असता तर दिसला असता, हा बारीक फवारा असतो. सूर्य समोर आला की तीच साय उजळते आणि फोटोतला काळा रंग करडा होतो. आपल्याला वाटतं, हवेत धुकं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शर्टाच्या टोकाने कोरडं पुसणं. मीठ पसरतं, आणि त्यात वाळूचा एक कण असला की काचेवर कायमची रेघ. आधी ब्लोअरने फुंकर, मग साध्या पिण्याच्या पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. मी दोन फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवते आणि त्यांची अदलाबदल झाली की स्वतःलाच बोलते. दोन फोटोंच्या मधे लेन्सवर टोपण. हॉटेलात फुकट मिळणारी प्लॅस्टिकची आंघोळीची टोपी कॅमेऱ्यावर चढवली तर अख्खा कॅमेरा झाकतो. हसतील लोक, हसू द्या. दर पाच-सहा फोटोंनंतर मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून बघा. साय लगेच दिसते.

याच घरातला दुसरा पाहुणा म्हणजे दव, आणि हा खास आपल्यासाठी. डिसेंबरात नाशिकहून पहाटे तीनला निघता तेव्हा बाहेर दहा अंशांच्या आसपास असतं आणि बॅग गाडीच्या डिकीत गारठलेली असते. घाट उतरून किनाऱ्याच्या दमट हवेत ती उघडली की गार काचेवर बाष्प धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. भाच्याचे पहाटेचे दोन्ही दुधाळ फोटो याचेच होते. पुसून उपयोग नाही, दोन मिनिटांत पुन्हा येतं. बॅग डिकीत न ठेवता माणसांबरोबर ठेवा, एसी लावू नका, आणि पोचल्यावर अर्धा तास चेन बंदच राहू द्या. तो अर्धा तास चहा प्या आणि खडक चालून बघा. पहाटेच्या अंधारात शेवाळ कुठे आहे हे आधी पायाला कळलेलं बरं.

मेणाचा खडक

कोकण किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्ताला आपण नेहमी उजेडाच्या विरुद्ध उभे. त्यात खडक काळा. आपल्या पांडवलेण्यांचा, गोदावरीच्या पात्रातला जो बेसॉल्ट, तोच हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर समुद्राने मधाच्या पोळ्यासारखा कोरून ठेवलाय. इतका काळा खडक आणि मागे सूर्य, हे दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये मावत नाही. आकाश वाचवलं की खडक कोळसा होतो. मग घरी येऊन शॅडोचा स्लायडर शेवटापर्यंत ओढायचा, दाणे उठतात, ते घालवायला नॉइज रिडक्शन, आणि त्यात भेगाही पुसल्या जातात. हा झाला मेणाचा खडक. लेन्सला दोष देण्याची ही चौथी संधी.

रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) घ्या हे सांगायला नकोच. ट्रायपॉड हलवू न देता दोन फोटो घ्या, एक आकाशासाठी, एक दोन-तीन स्टॉप जास्त उजेडाचा खडकासाठी, आणि घरी जोडा. किंवा ग्रॅज्युएटेड एनडी वापरा, म्हणजे वरचा भाग काळा आणि खालचा पारदर्शक असलेली काच. समुद्राचं क्षितिज सरळ असल्याने ती इथे डोंगरापेक्षा बरी बसते, पण क्षितिजाच्या वर डोकावणारा खडक असेल तर त्याचं डोकं काळं होईल.

त्याहून सोपं म्हणजे थांबा. सूर्य बुडाला की निम्मे लोक ट्रायपॉड मिटून भजी खायला जातात. खरा उजेड त्यानंतरचा. १५-२० मिनिटांनी आकाश आणि खडक यांच्या उजेडातलं अंतर कमी होतं, एनडी काढून टाकली तरी आयएसओ १०० आणि एफ ११ ला सेकंदाच्या आसपासचं शटर आपोआप मिळतं. आपल्या अक्षांशावर सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. हा वेळ लेन्स बदलण्यात घालवू नका.

आणि सूर्योदय? "आपल्याकडे समुद्रातून सूर्य उगवत नाही" म्हणून लोक झोपून राहतात. सूर्य मागून, सह्याद्रीच्या बाजूने येतो हे खरं. पण म्हणूनच तेव्हा पश्चिमेकडे कॅमेरा लावावा. सूर्य वर यायच्या आधी समुद्रावर निळसर करडा पट्टा असतो, ती पृथ्वीचीच सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. उजेड तुमच्या पाठीशी, खडकाच्या तोंडावर. दोन फोटो जोडायला नकोत, शॅडो ओढायला नकोत. भेगा दिसतात, कालवं दिसतात. खडक स्वच्छ हवे असतील तर मी म्हणेन पहाट पकडा, संध्याकाळ नुसती गर्दीची.

तिथी बघून निघा

वरचं सगळं नीट केलं तरी भरती चुकली तर वाळूतच उभं राहावं लागतं, कारण खडक पाण्याखाली. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघायच्या आधी त्या बंदराचं टाइड टेबल बघाच. पण घरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून कुठला शनिवार उपयोगाचा हे दोन मिनिटांत कळतं.

मला तृतीया-चतुर्थी आवडते. सूर्यास्ताला पाणी उतरत असतं, खडक नुकतेच उघडे पडलेले, ओले, चमकणारे, आणि डबक्यांत आकाश. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला संध्याकाळी पाणी फार लांब जातं, खडक कोरडे पडतात. दशमी-एकादशीला जपा, कारण सूर्यास्ताला पाणी चढत असतं. तुम्ही डोळा लावून बसलेले आणि मागची वाट पाण्याखाली. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग भरतीला बंद होतो तो उगाच नाही. समुद्राकडे पाठ करून फिल्टर शोधू नका, आणि पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.

वेळेचं एक सोपं गणित: डहाणू जवळपास नाशिकच्याच अक्षांशावर आहे, पण रेखांशाने एका अंशाहून थोडं पश्चिमेला. त्यामुळे तिथला सूर्यास्त इथल्यापेक्षा साधारण चार मिनिटं उशिरा.

लेन्स निर्दोष आहे का, हे सोमेश्वरला विचारा

भाच्याला अजूनही लेन्सचाच संशय होता. मग आम्ही संध्याकाळी सोमेश्वरच्या धबधब्यावर गेलो. तोच काळा बेसॉल्ट, वाहतं पाणी, पण खारा वारा नाही, वाळू नाही, लाटेचा धक्का नाही. समुद्रावरची बिघडवणारी निम्मी कारणं इथे आपोआप वजा होतात. त्याचीच लेन्स, त्याचाच ट्रायपॉड, पाय खडकावर, स्टॅबिलायझेशन बंद, एफ ११, दीड मीटरवर फोकस, एक सेकंद.

त्याने स्क्रीन मोठी केली. खडकावर वाळलेल्या शेवाळाचा एकेक पापुद्रा वेगळा दिसत होता. काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग ते सात फोटो माझेच का?"

"तुझे आणि वाळूचे," म्हटलं.

ही चाचणी कुणीही करावी, दुरुस्तीला टाकण्याआधी. इथेही पुसट आलं तर स्टॅबिलायझेशन, फोकस, फिल्टर एकेक करून काढत जा, एका वेळी एकच बदल. फिल्टर काढल्यावर सुधारलं तर दोष त्या स्वस्त काचेचा. सगळं काढूनही एकच बाजू सतत मऊ येत असेल, तर मात्र लेन्स खरंच दाखवून घ्या. फक्त गंगापूर धरणातून विसर्ग चालू असेल तेव्हा पात्रात उतरू नका. पाणी वाढतं तेव्हा विचारून वाढत नाही.

परत आल्यावर

ट्रायपॉडचे सगळे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, सांधे फिरवा, दुसरं पाणी घ्या, मग सावलीत उघडेच वाळवा. मीठ आत राहिलं की पुढच्या वेळी पेच धरत नाही आणि पाय फोटोच्या मधेच सरकतो, म्हणजे पुन्हा पहिलाच आजार. कॅमेरा मात्र ओलसर फडक्याने नुसता पुसायचा.

बादलीच्या तळाशी मूठभर वाळू निघते. ती मोरीत ओतू नका, तुंबते. ताईच्या घरी भाच्याने ती तुळशीच्या कुंडीत ओतली. मिठाने तुळस आठवड्यात मान टाकून बसली, आणि ताईचा फोन मला आला.